मागच्या चाकांचे आर्म बदलताना : शेवटचा नट केव्हा आवळावा?

इस्लामपुरातील व्यापारी बांधवांच्या गाडीला घर आणि धंदा असे दुहेरी काम असते. आज त्याच गाडीतून घरची मंडळी लग्नाला जातात, उद्या तिच्याच मागच्या भागात कापडाचे गठ्ठे, फळांच्या पेट्या किंवा हार्डवेअरचा माल भरून सांगली, कऱ्हाड, कोल्हापूरच्या फेऱ्या होतात. पेठ नाक्यावरून इस्लामपूर, आष्टा या मार्गाने सांगलीस जाणारा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता तर अनेक वर्षे खड्ड्यांसाठी गाजला. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या वाड्या-वस्त्यांचे रस्ते उखडून टाकतात, ते वेगळेच. या सर्वांचा मार गाडीच्या ज्या भागावर बसतो, त्याकडे मालकाचे लक्ष फार उशिरा जाते. तो भाग म्हणजे मागच्या चाकांना जागेवर धरून ठेवणारे आर्म व त्यांतील रबरी बुश.

हे काम अंगणात करता येण्यासारखे आहे. मात्र त्यात एक बारीक गोष्ट अशी आहे की ती चुकली तर नवे बुश थोड्याच महिन्यांत फाटतात आणि दोष मात्र मालाला दिला जातो. स्वतः पाना हाती घेणाऱ्या मालकांसाठी आणि गॅरेज चालविणाऱ्या मिस्त्री बांधवांसाठी आम्ही हा पाठ क्रमवार देत आहोत.

पाटे आणि स्प्रिंग यांतील फरक

आपल्या भागातील जुन्या मिस्त्रींचे हात अॅम्बॅसडर, प्रीमिअर पद्मिनी, जीप आणि ट्रॅक्सवर बसले. या गाड्यांना मागे पाटे असतात. पाटा दोन कामे एकदम करतो. गाडीचे वजन तो पेलतोच, शिवाय मागच्या हाउसिंगला पुढे-मागे व आडवे सरकू देत नाही. म्हणून पाट्याच्या गाडीला वेगळा आर्म लागत नाही.

गोल स्प्रिंगचे तसे नाही. स्प्रिंग फक्त वजन पेलते. हाउसिंगला जागेवर धरून ठेवण्याची ताकद तिच्यात नसते. ते काम आर्मकडे येते. उदाहरण म्हणून आपल्याकडे घरोघरी दिसणारी टोयोटा इनोव्हा घ्या. २००५ साली आलेल्या इनोव्हात आणि २०१६ च्या क्रिस्टात मागचे हाउसिंग पाच दांड्यांनी धरलेले असते. दोन खालचे आर्म, दोन वरचे आर्म आणि एक आडवी दांडी. गाडी पुढे ढकलण्याचा जोर आणि ब्रेकचा धक्का खालच्या व वरच्या आर्ममधून चेसिसला मिळतो. वळणावर गाडी बाजूला सरकू नये हे आडवी दांडी पाहते.

सर्वच गाड्यांची रचना अशी नसते. डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आलेल्या टाटा इंडिकाच्या मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र तिरका आर्म होता व चाक त्या आर्मवरच बसविलेले होते. २००५ च्या मारुती स्विफ्टला मागे एकच सलग बीम आहे, त्यात सुटे आर्म नाहीत, फक्त बीमच्या पुढच्या टोकांना दोन मोठे बुश आहेत. तेव्हा दुकानात जाऊन नुसते 'मागचे आर्म द्या' असे म्हणू नये. गाडीचे नाव, मॉडेल, वर्ष व शक्य तर चेसिस नंबर सांगून माल घ्यावा. या पाठातील कृती इनोव्हासारख्या, म्हणजे सलग हाउसिंग व गोल स्प्रिंग असलेल्या गाडीसाठी आहे. ज्या गाडीत स्प्रिंग थेट आर्मवर बसलेली असते, तेथे बोल्ट काढताच दाबलेली स्प्रिंग उसळून जीवघेणी इजा करू शकते. असे काम घरी मुळीच काढू नये.

बुश कसा काम करतो?

आर्मच्या दोन्ही टोकांना बुश असतो. बाहेर लोखंडी कडे, आत लोखंडी नळी आणि दोहोंना घट्ट चिकटवलेले रबर. बोल्ट आतल्या नळीतून जातो. नट पूर्ण आवळला की नळी कंसाच्या दोन गालांमध्ये दाबली जाते आणि पक्की होते. ती नंतर फिरत नाही. चाक वर-खाली होते तेव्हा आर्मचे टोक हलते ते रबराला पीळ बसून.

पुष्कळांची समजूत अशी की बुशात नळी बेअरिंगसारखी फिरते. येथेच सारे बिघडते. ही नळी फिरत नाही, रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ जागी येते, हे नीट लक्षात ठेवावे.

रोग ओळखण्याच्या खुणा

१) गाडी जागेवरून उचलताना किंवा ब्रेक दाबताना मागून 'खडक्' असा एकच आवाज येतो.
२) ट्रक बाजूने गेला किंवा जोराचा वारा आला की गाडीचा मागचा भाग शेपटीसारखा डुलतो. अशा वेळी आडव्या दांडीचे बुश आधी पाहावेत.
३) सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित तिरके धरावे लागते.
४) मागचे टायर एका बाजूने लवकर झिजतात.

याच खुणा शॉकअप संपला असता, चाकाचे बेअरिंग गेले असता किंवा टायरमधील हवा कमी-जास्त असतानाही दिसू शकतात. म्हणून आवाज आला की लगेच आर्म मागवू नयेत. गाडी पिटवर घ्यावी, टॉर्चने प्रत्येक बुश पाहावा आणि कंस व आर्म यांच्या फटीत टॉमी घालून हलकेच दाब द्यावा. चांगला बुश थोडा दबून परत येतो. गेलेल्या बुशात रबर कड्यापासून सुटलेले दिसते किंवा आर्म लोखंडाला लोखंड आपटत हलतो. वरवर केसाएवढ्या भेगा दिसल्या म्हणून बुश गेला असे होत नाही.

फक्त बुश की पूर्ण आर्म?

आर्म सरळ असेल, कोठे चीर नसेल व गंजाने पत्रा खाल्लेला नसेल तर बुश तेवढे बदलून भागते. त्यासाठी प्रेस लागतो. इस्लामपुरात एखाद्या लेथवाल्याकडे सोय नसेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असे काम सहज होते. घनाचे घाव घालून बुश बसवू नये. कडे वाकते, आर्मचे डोळे मोठे होते आणि नवा बुश सैल बसतो. काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते. ती कोणत्या दिशेस होती हे जुना बुश काढण्यापूर्वी आर्मवर खुणेने नोंदवावे व नवा त्याच दिशेत बसवावा. बुश सरकत नसेल तर साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा इंजिन ऑइलने रबर फुगते व मऊ पडते.

आर्म वाकलेला असेल तर तो तापवून सरळ करणे, चिरला असेल तर वेल्डिंग मारणे, हे दोन्ही टाळावे. तापवलेल्या लोखंडाची मूळची ताकद राहत नाही, आणि हा भाग चालत्या गाडीत तुटला तर मागचे चाक तिरके होऊन गाडी हाताबाहेर जाते. तेथे पूर्ण आर्मच घ्यावा. शक्यतो डावा-उजवा असा जोड एकदम बदलावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताठपणा सारखा राहतो.

बोल्टबद्दलही तितकेच जागरूक असावे. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा ठोकलेला असतो. ८.८ याचा अर्थ तो बोल्ट प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही व त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० न्यूटनपर्यंत कायमचा लांबत नाही. जुन्या बोल्टवर जो आकडा असेल तोच नव्यावर हवा. आकडा नसलेला फाटकाच्या बिजागरीचा बोल्ट येथे चालत नाही. आतून घट्ट धरणारे स्वयंलॉक नट एकदाच वापरावयाचे असतात, ते नवे घ्यावेत.

कामाची तयारी

पूर्ण दिवस हाती असेल तेव्हाच काम काढावे. शुक्रवारी नमाजला जाण्याच्या घाईत किंवा संध्याकाळी अंधार पडता पडता गाडी उचलू नये. आदल्या रात्री सर्व नट तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडविणारे तेल सोडावे. ते रबरावर सांडू देऊ नये.

गाडी जमिनीवर, रिकामी आणि सपाट जागी असताना एक माप घ्यावे. मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत किती सेंटिमीटर भरतात ते दोन्ही बाजूंना मोजून वहीत लिहावे. या मापाचा उपयोग शेवटी होणार आहे.

साहित्य असे : मजबूत हायड्रॉलिक जॅक, दुसरा एक लहान जॅक, चार घोड्या, गोटी पाने व रिंग पाने, लांब दांडा, टॉर्क पाना, टॉमी, चाकांना लावण्यासाठी लाकडी ओंडके आणि डोळ्यांसाठी चष्मा.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. इनोव्हात इंजिनचा जोर मागच्या चाकांना जातो आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. मागची चाके जमिनीवरून उचलली की गिअर आणि हँडब्रेक यांपैकी कशानेही गाडी थांबत नाही. ती पुढच्या चाकांवर घरंगळू शकते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून ओंडके लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. जमीन कडक व सपाट हवी. शेणाने सारवलेल्या किंवा मुरमाच्या अंगणात घोडीचा पाय रुततो, तेथे जाड फळी द्यावी. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे यांवर गाडी कधीही ठेवू नये. ते सूचना न देता फुटतात. जॅक हा उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकेसुद्धा घालू नये, मग उस्ताद कितीही जुना असो.

प्रत्यक्ष काम

१) चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच एक आटा सैल करावेत. मग गाडी उचलून मागच्या हाउसिंगखाली, दोन्ही चाकांच्या जवळ, एकेक घोडी लावावी. अशाने गाडीचे वजन स्प्रिंगवर कायम राहते व आर्म आपल्या नेहमीच्या कोनात राहतात. उरलेल्या दोन घोड्या चेसिसखाली थोडी फट ठेवून राखीव लावाव्यात. काढलेली चाकेही चेसिसखाली आडवी सरकवून ठेवावीत.

२) गाडी हाताने हलवून पाहावी. घोड्या डगमगल्या तर पुन्हा खाली घेऊन नीट लावाव्यात.

३) दुसरा लहान जॅक डिफरन्शिअलच्या पुढच्या तोंडाखाली नुसता टेकवून ठेवावा. एखादा आर्म निघाला की हाउसिंग किंचित फिरू पाहते, ते यामुळे धरले जाते.

४) हाउसिंगवर येणारी ब्रेकची रबरी नळी, एबीएसची वायर आणि काही गाड्यांत असणारी वजनानुसार ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारी दांडी यांवर ताण येत नाही ना, ते पाहावे.

५) एका वेळी एकच आर्म काढावा. हा नियम मोडू नये. दोन आर्म एकदम सुटले तर हाउसिंग सरकते, भोके जुळत नाहीत आणि स्प्रिंग जागा सोडू शकते.

६) बोल्टचे डोके धरून ठेवून नट फिरवावा. अडला तर सैल करण्याआधी थोडा आवळण्याच्या दिशेने फिरवून पाहावा, गंज तुटतो. ब्रेकची नळी आणि इंधनाची टाकी जवळ असल्याने घरी गॅसच्या ज्योतीने नट तापवू नये.

७) जुना व नवा आर्म शेजारी ठेवून लांबी, डोळ्यांचा व्यास आणि वाक जुळवून पाहावा. पाच मिलिमीटरचा फरकही चालणार नाही.

८) नवा आर्म आधी चेसिसच्या बाजूला, मग हाउसिंगच्या बाजूला बसवावा. भोक जुळते का हे बोटाने चाचपू नये. हाउसिंग सरकले तर बोट कापले जाते. टॉमीचे निमुळते टोक वापरावे आणि लहान जॅक थोडा वर-खाली करून भोक जुळवावे.

९) नट हाताने व मग पान्याने फक्त टेकेपर्यंत बसवावेत. पक्के आवळू नयेत. याच रीतीने बाकीचे आर्म एकामागून एक घ्यावेत.

शेवटचा नट

आता मूळ मुद्दा. वर सांगितल्याप्रमाणे बुशातील नळी नट आवळताच पक्की होते, आणि ज्या कोनात ती पक्की झाली तो रबराचा विश्रांतीचा कोन ठरतो.

समजा मिस्त्रीने घोड्या चेसिसखाली लावल्या आणि चाके हवेत लोंबत असतानाच नट पूर्ण आवळले. आर्म ५० सेंटिमीटर लांब आहे व लोंबलेले हाउसिंग नेहमीपेक्षा १२ सेंटिमीटर खाली आहे असे धरले, तर आर्म सुमारे १४ अंशांनी खाली झुकलेला असतो. रबराची विश्रांती त्या झुकलेल्या कोनात ठरली. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबराला १४ अंशांचा पीळ बसतो. गाडी दारात उभी असली तरी हा पीळ सुटत नाही. त्यात माल भरला, खड्डा आला, की पीळ आणखी वाढतो. रबर कड्यापासून फाटू लागते. मालक म्हणतो बुश नकली होता, दुकानदार म्हणतो मिस्त्री कच्चा होता, आणि पैसे दुसऱ्यांदा मोजले जातात.

यावरचा उपाय साधा आहे. गाडीचे वजन चाकांवर किंवा हाउसिंगवर असताना, म्हणजे आपण वहीत लिहिलेले माप पुन्हा भरत असतानाच, शेवटचे आवळणे करावे. हाउसिंगखाली घोड्या असतील तर वजन आपोआप स्प्रिंगवर असते. तरीही गाडी दोन-तीन वेळा दाबून सोडावी, माप घ्यावे आणि मगच पाना चालवावा. पिट असेल तर चाके बसवून, गाडी जमिनीवर उतरवून खालून नट आवळणे सर्वांत उत्तम.

किती जोराने आवळावे याचा आकडा त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तकात असतो, तोच पाळावा. टॉर्क पान्याचा हिशेब समजून घेण्यास सोपा आहे. एक मीटर लांब दांड्याच्या टोकावर १५ किलोचा जोर म्हणजे १५ किलो-मीटर, साधारण १४७ न्यूटन-मीटर. दांडा अर्धा मीटर असेल तर तोच परिणाम साधण्यास ३० किलोचा जोर लावावा लागेल. नुसत्या अंदाजाने लांब पाइप लावून आवळल्यास बोल्ट ताणला जातो व नंतर तुटतो.

काम झाल्यानंतर

चाके बसवून नट एकाआड एक आवळावेत. गाडी बाहेर नेण्यापूर्वी अंगणातच चार-पाच वेळा ब्रेक दाबून पाहावेत. मग पुढची चाके सरळ करून, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. डाव्या-उजव्या मापात फरक दिसला तर हाउसिंग तिरके बसले आहे किंवा एखादा आर्म चुकीचा आहे असे समजावे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे. काही गाड्यांत आर्मच्या बोल्टला कोन बदलण्याची चकती असते. तिची मूळ जागा सैल करण्यापूर्वीच रंगाने खुणावलेली असावी. सुमारे १०० किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत.

गॅरेजवाल्या बांधवांसाठी

वजन चाकांवर घेऊन नट आवळण्यास जास्तीत जास्त पंधरा-वीस मिनिटे लागतात. ती वाचविली तरी गाडी देताना कोणाला कळत नाही. आवाज बंद झालेला असतो, गिऱ्हाईक खूष असते, पैसे मिळतात. फरक दिसतो तो काही महिन्यांनी. म्हणूनच हे काम कारागिराच्या सचोटीवर सोडलेले आहे. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्या हाती दिलेली अमानत आहे, आणि त्या गाडीत त्याची मुलेबाळे बसणार आहेत.

धंद्याच्या हिशेबानेही हेच फायद्याचे आहे. तेच काम फुकट दुसऱ्यांदा करावे लागले तर पहिल्या वेळची मजुरी तर जातेच, वर तेवढा वेळ नवे काम अडते. गाव लहान आहे, एका गिऱ्हाइकाची तक्रार चहाच्या टपरीवर दहा जण ऐकतात. यासाठी तीन सवयी लावून घ्याव्यात. जुने आर्म व बुश गिऱ्हाइकाला दाखवून त्याच्या हवाली करावेत. बिलावर मालाची कंपनी, पार्ट नंबर, किलोमीटरचा आकडा आणि 'नट वजनावर आवळले' असे लिहावे. आणि १०० किलोमीटरनंतर तपासणीस बोलावून ती विनामूल्य करावी. शागिर्दाला पाना धरायला शिकविताना हा नट केव्हा आवळायचा आणि का, हे कारणासह समजावून सांगावे. नुसते 'असेच करायचे' म्हटले तर तो घाईच्या दिवशी विसरेल.

मालकांनी आपल्या बाजूने एक करावे. आर्म बदलण्यास गाडी दिली की मिस्त्रींना अदबीने एवढेच विचारावे : 'उस्ताद, शेवटचे नट गाडी खाली घेऊन आवळणार ना?' जाणता मिस्त्री या प्रश्नाने रागावणार नाही. उलट गिऱ्हाइकाला कामातले कळते हे पाहून त्याला बरेच वाटेल.